खापरी नळांचं शहर

शाळेच्या सहलीत औरंगाबाद पाहिलं अन् मकबऱ्याच्या पांढऱ्या घुमटावर जीव जडला. (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणायचं.) पुढं नोकरीसाठी बिऱ्हाड घेऊन आलो, तो जीव उडाला. खोली बघायला जावं तर घरमालक आधी आडनाव विचारणार. आडनाव ऐकलं की खोली कालच दिलेली! तीन महिने हेच. घुमट गेला चुलीत म्हटलं.

शेवटी भडकल दरवाजाकडं जागा मिळाली. हा दरवाजा मलिक अंबरचा, १६१२ चा. इथिओपियात जन्मलेला हबशी पोर, बाजारात विकलेला गुलाम. निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० ला त्यानं खडकी वसवली, तेच हे शहर. अन् दोस्तहो, गावाला पाणी आणलं त्यानं, जमिनीखालून खापरी नळ घालून! नहर-ए-अंबरी म्हणतात. इकडं चवदार तळ्याचं पाणी प्यायलो म्हणून १९२७ ला आपल्या माणसांची डोकी फोडली.

बाबासाहेबांनी १९५० ला कॉलेज काढलं ते ह्याच गावात. दरवाजापाशी आता बाबांचा पुतळा आहे. चौदा एप्रिलला तिथं पाय ठेवायला जागा नसते.

शहर पुन्हा आवडायला लागलंय. आडनाव अजून विचारतात, ते सांगायलाच नको. सुट्टीला सायकल काढून नहरीच्या खुणा शोधत हिंडतो. या कधी, दाखवतो.