सी. एस. टी. रोड : साष्टीतील हरवलेल्या आगगाडीची खूण

१/ कुर्ल्याहून कालिन्याकडे जाणाऱ्या रस्त्याचे नाव सी. एस. टी. रोड. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून ते पडले असावे, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ही आद्याक्षरे ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’ची आहेत. साल्सेट म्हणजे आपली साष्टी.

२/ १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे रेल्वे सुरू झाली. १८६० च्या दशकात बेटाच्या पश्चिम अंगाने दुसरा मार्ग आला. दोन्ही दक्षिणोत्तर. मरोळ, चकाला, सहार, कोळेकल्याण ही गावे मधल्या पट्ट्यात, भातखाचरांच्या कडेने वसलेली. आगगाडीची शिट्टी दोन्हीकडे वाजे. गावकऱ्याच्या वाट्याला मात्र बैलगाडी किंवा पायपीट.

३/ १९२८ मध्ये जी. आय. पी. रेल्वेने अंधेरी ते तुर्भे (ट्रॉम्बे) हा सुमारे १३ किलोमीटरचा मार्ग कुर्ल्यावरून सुरू केला. पश्चिम आणि पूर्व साष्टी प्रथमच रुळांनी जोडली गेली.

४/ हे सुख अल्पायुषी ठरले. अवघ्या सहा वर्षांत, १९३४ मध्ये, हा मार्ग बंद झाला. नगर तेथे अद्याप पोहोचायचे होते.

५/ ते लवकरच पोहोचले. १९५० मध्ये अंधेरी-भांडुपपर्यंतचा आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत आला. खाचरांवर कारखाने व चाळी उभ्या राहिल्या. मधल्या पट्ट्यात विमानतळ विस्तारला. गावे उपनगरे झाली, पण आडवी रेल्वे परतली नाही. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर बसगाड्या वाहनांच्या गर्दीत अडकू लागल्या. गाडीने जायचे तर दादरला उतरून मार्ग बदलायचा.

६/ ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो धावली : ११.४ किलोमीटर, १२ स्थानके. जमिनीवर रूळ टाकण्यास वाव उरला नव्हता. ती खांबांवरून न्यावी लागली. जुना मार्ग बंद पडल्यापासून ८० वर्षे लोटली होती.

७/ ग्रामीण वाहतुकीचे मोल आजच्या प्रवाशांच्या संख्येने केले, तर ती नेमकी गरज उद्भवण्याआधी मोडीत निघते. रूळ उखडणे सोपे. त्यांची जागा परत मिळवणे फार कठीण. नगराची कड आज वसई, भिवंडी, कर्जतकडे सरकली आहे. तेथील रिकाम्या गाड्यांचा हिशेब मांडताना सी. एस. टी. रोडची पाटी एकदा वाचावी.