आवलीची बाजू

संगीत नाटकाबद्दल माझ्या नवऱ्याचा एकच प्रश्न असतो. "माणसं चांगली बोलत असतात, मग मध्येच गायला का लागतात?" चेष्टा नाही, तो खरंच विचारतो. तो नेटवर्क सपोर्टमध्ये, मी सॉफ्टवेअरमध्ये. कारणाशिवाय काही घडलं की दोघांनाही चैन पडत नाही. पण मी नाट्यपदं ऐकत वाढले आणि तो क्रिकेटची कॉमेंट्री.

डोंबिवलीत नाटकवेड्यांची कमी नाही. घारडा सर्कलजवळ सावित्रीबाई फुले नाट्यगृह, कल्याणला अत्रे रंगमंदिर, ठाण्याला गडकरी रंगायतन. आठवड्याचे पाच दिवस लोकलमध्ये उभ्याने काढायचे आणि रविवारी यांपैकी कुठल्यातरी खुर्चीत जाऊन बसायचं, हा माझा कॉलेजपासूनचा नेम. शिवाय आमच्या हौशी ग्रुपच्या तालमी. त्यामुळे लग्नानंतरही माझे रविवार नाटकाचे राहिले आणि त्याचे घरचे.

2023 मध्ये बीकेसीला नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक' आलं. त्याच्या ऑफिसातले चौघं जाऊन आले. त्यांचे फोटो दाखवत हा म्हणाला, "याला म्हणतात म्युझिकल. आपल्याकडे काय, ऑर्गन, शालू आणि वन्स मोअर."

हे ऐकून गप्प बसणं मला शक्य नव्हतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर आलं 1880 मध्ये, 'संगीत सौभद्र' 1882 मध्ये. अमेरिकन म्युझिकलचा इतिहास सांगताना ज्या 'शो बोट'चं नाव हमखास घेतात, ते 1927 चं. तोवर आपल्याकडे बालगंधर्वांच्या पदांसाठी लोक रात्र रात्र जागत होते. आवडलेलं पद पुन्हा म्हणायला लावत होते, मग नाटकातला प्रसंग कितीही आणीबाणीचा असो.

"म्हणजे प्रोडक्शनमध्ये रोलबॅक करून तोच सीन परत रन करायचा?"

"हो. पब्लिक डिमांडवर."

तो हसला, पण यायला तयार झाला नाही.

त्याला पहिल्यांदा काय दाखवावं, यावर मी एखाद्या रिलीजइतका विचार केला. 'सौभद्र' माझं लाडकं, पण ती भाषा आणि लांबत जाणारी पदं नवख्याला जड जातात. 'कट्यार काळजात घुसली' मूळ 1967 चं नाटक. पण 2015 चा सिनेमा पाहिल्यामुळे "ते झालंय माझं" असं उत्तर आलं असतं. शेवटी 'संगीत देवबाभळी' ठरलं. प्राजक्त देशमुखचं लेखन-दिग्दर्शन, आनंद ओकचं संगीत, 2017 पासून गाजत असलेलं. रंगमंचावर दोनच बायका, शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी. प्रयोग घराजवळ, सावित्रीबाईलाच. "लोकल नाही, चढउतार नाही," एवढ्यावर तो आला.

पहिल्या दहा मिनिटांत त्याने दोनदा घड्याळ पाहिलं. मग आवली विठ्ठलाला शिव्या घालायला लागली आणि तो पुढे सरकून बसला.

गोष्ट साधी आहे. तुकाराम डोंगरावर विठ्ठलाच्या नावात बुडालेले. त्यांची बायको आवली, पोटुशी, त्यांच्यासाठी भाकरी घेऊन रानात शोधत फिरते. पायात काटा रुततो. तो काढायला प्रत्यक्ष विठ्ठल येतो, आणि मग तिची देखभाल करायला रखुमाई लखूबाई होऊन तिच्या घरी राहते. रखुमाईसुद्धा देवावर रुसलेलीच. एकीचा नवरा देवापायी घरात नाही आणि दुसरीचा नवरा तर स्वतःच देव. दोघी एकमेकींशी बोलतात, भांडतात, गातात. आवलीचं बोलणं गावात ऐकणार कोण? "एवढा मोठा भक्त नवरा मिळालाय" हेच तिला सगळे सांगणार. बोलायला जागा उरत नाही तिथे ती गाते. मध्येच का गातात, हे त्या दिवशी त्याने विचारलं नाही.

प्रयोग सुटल्यावर रिक्षाची रांग बघून आम्ही चालतच निघालो. नाटकाबद्दल मी बोलायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "आवलीचं बरोबर आहे."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल. अगं, रविवारी रात्री तू साडेअकराला येतेस. वरण गरम करून ठेवणारा मी. त्याच्यावर कुणी पद लिहिलेलं नाही."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. रविवारबद्दल तो यापूर्वी एक शब्द बोलला नव्हता. तालमीला जा, प्रयोगाला जा, हेच म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा. मी त्याला माझ्या बाजूला आणायला नाटकाला नेलं होतं. त्याला तिथे त्याची बाजू मांडणारी बाई भेटली.

घरी जेवताना मी त्याला एक गोष्ट सांगितली, आमच्याकडे नाटकाचा विषय निघाला की सांगितली जाणारी. 1911 साल, 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. तरी ते रात्री तोंडाला रंग लावून उभे राहिले आणि गायले. ही गोष्ट ऐकताना दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

त्याने विचारलं, "आणि त्या मुलीची आई? ती त्या रात्री कुठे होती?"

मी ही गोष्ट निदान वीस वेळा ऐकली असेन. एकाही वेळी त्यात आई नव्हती.

माझा बालगंधर्वांबद्दलचा आदर यामुळे कमी झाला नाही. नाटकही सुटलं नाही, सुटणारही नाही. पण आता महिन्यातले दोन रविवार आमचे दोघांचे असतात. त्यांतला एक बहुतेक क्रिकेटवर जातो आणि मी डोळे उघडे ठेवून शेजारी बसते. उरलेल्या दोनांपैकी एखाद्या प्रयोगाला तो येतो, कडेची खुर्ची मिळाली तर. मध्यंतरातला बटाटेवडा ही त्याची अट. नाट्यसंगीत आवडतं का, विचारलं तर अजूनही "ठीक आहे" म्हणतो. मला तेवढं पुरतं. कारण तो बघतो ते मला एकटीला दिसत नाही.

परवा 'सौभद्र'च्या प्रयोगाची जाहिरात आली. मी गोष्ट थोडक्यात सांगितली. सुभद्रेचं अर्जुनावर प्रेम, दादा बलरामाने तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवलेलं, आणि ते मोडायला कृष्णाने रचलेला डाव.

"यात घरच्यांनी अंधारात ठेवलेला कोण?"

"बलराम. त्याला शेवटी कळतं."

"मग काढ तिकीट," तो म्हणाला. "त्याच्या बाजूने कुणीतरी बसायला पाहिजे."