ओ-टूवरचं कर्नल: काही टिपणं

राजापूर. अर्जुना नदी जवाहर चौकाकडे सरकतेय, वीज जाऊन-येऊन. लॅपटॉप बॅटरीवर, कर्नलचा बिल्ड चालू. तोवर हे.

*

'ऑप्टिमायझेशन बंद कर, सगळं सरळ दिसेल.' साध्या प्रोग्रॅमला हा सल्ला ठीक. लिनक्स कर्नल मात्र सहसा ओ-टू या ऑप्टिमायझेशन पातळीवर बांधलं जातं. ओ-झिरोवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद करून, बिल्डच मोडतो. फंक्शनं इनलाइन होतील, कधीच न चालणारा कोड कंपायलर उडवेल, हे त्यात ठिकठिकाणी गृहीत धरलंय. त्यात ६४-बिट एक्स८६ वर थ्रेडला कर्नल स्टॅक १६ केबी, आणि ऑप्टिमायझेशनशिवाय फंक्शनं तो जास्त खातात.

*

डीबगर 'ऑप्टिमाइज्ड आउट' म्हणतो तेव्हा बहुतेकदा व्हेरिएबलचा शेवटचा वापर होऊन गेलेला असतो आणि त्याचं रजिस्टर दुसऱ्याला दिलेलं असतं. कोणती किंमत कुठवर लागणार, हा हिशेब म्हणजे लाइव्हनेस अ‍ॅनालिसिस. पवईच्या आयआयटीतले उदय खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासोबत २००९ मध्ये 'डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस' हे पुस्तक लिहिलं, त्यात तो नीट मांडलाय. कंपायलरला शिव्या घालण्याआधी वाचावं.

*

२००९ मध्येच लिनक्सच्या 'टन' नेटवर्क ड्रायव्हरमध्ये सापडलेला बग. पॉइंटर आधी वापरला, नल आहे का ते नंतर तपासलं. जीसीसीने तर्क केला: वापरला म्हणजे नल नाहीच, मग तपासणी कशाला? उडवली. सोर्समध्ये तपासणी आहे, मशीन कोडमध्ये नाही, आणि त्या फटीतून थेट रूट. तेव्हापासून कर्नल कंपायलरला बजावून सांगतं: नलच्या तपासण्यांना हात लावायचा नाही. असलं ऑप्टिमायझेशन सोडायला मला एका क्षणाचाही विचार लागणार नाही.

*

फ्रेम पॉइंटर ठेवला तर स्टॅक ट्रेस सोपा, पण एक रजिस्टर अडतं आणि प्रत्येक फंक्शनला जादा सूचना. २०१७ मध्ये कर्नल ४.१४ त 'ऑर्क' आलं: स्टॅक उलगडण्याचा तक्ता वेगळा ठेवलेला. काही मेगाबाइट मेमरी जाते, वेग राहतो. खर्च रोजच्या धावण्यावर नाही, तक्ता उघडतो तो ट्रेस काढतानाच. फार देखणा सौदा.

*

रेसचे, म्हणजे थ्रेडांच्या वेळेच्या शर्यतीचे, बग राजापूरच्या गंगेसारखे. हा झरा तीन वर्षांनी वाहतो म्हणतात, पण तारीख तोच ठरवतो. लॉगसाठी एक प्रिंट-के टाकला की वेळ सरकते, बग गडप. म्हणून वेगळ्या ऑप्टिमायझेशनचा 'डीबग बिल्ड' इथे फारसा कामाचा नाही. जो बिल्ड पडला त्याचाच डंप हवा, आणि त्याचीच डीबग माहिती जपलेली. ती असल्याने मशीन कोड बदलत नाही. जाते ती मुख्यतः डिस्क. अगदीच अडलं तर एका फंक्शनचं इनलाइन बंद करावं, अख्ख्या कर्नलला हात न लावता.