आधी सेलू, मग परभणी



२०२२ च्या पाडव्याच्या तोंडावर राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले. मास्कसुद्धा ज्याच्या त्याच्या मर्जीवर आला. त्याआधी २७ मार्चपासून परदेशी विमानांची नेहमीची वाहतूक सुरू झाली. मार्च २०२० मध्ये ती बंद केली तेव्हा कागदावर मुदत एका आठवड्याची होती. मग महिन्यामहिन्याने ती वाढत गेली आणि तो आठवडा दोन वर्षं चालला.

मंदिराच्या ओट्यावर तेव्हा दोन तट पडले होते. एकीचं म्हणणं, इतक्यात दारं उघडायलाच नको होती, चीनमध्ये शांघाय बघा कसं बंद पडलंय. दुसरीचं म्हणणं, झालं ते झालं, आता कसली भीती बाळगायची. मला दोन्ही पटत नाहीत. आमच्या घरी मे महिन्यात न्यू जर्सीहून लेक, जावई आणि नात येणार आहेत, आणि घरात ८४ वर्षांच्या सासूबाई आहेत. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी ओट्यावरच्या गप्पांचा राहिलेला नाही.

बंदीची किंमत काय असते ते आधी सांगते, कारण ती कुठल्या आकड्यात येत नाही. लेकीचे दिवस ऑगस्ट २०२० मध्ये भरणार होते. माझा व्हिसा तयार, जूनचं तिकीट काढलेलं, बॅगेत डिंक, खारीक, अळीव, सुंठ बांधून ठेवलेली. विमानंच उडेनात. जुलैत 'एअर बबल' म्हणून मोजकी विमानं सुरू झाली, पण सासूबाईंना एकटं टाकून, वाटेत स्वतः आजारी पडायची जोखीम घेऊन निघणं शक्य नव्हतं. पहिलटकरणीचं बाळंतपण जावयांनी एकट्याने केलं. अळिवाचे लाडू मी फोनवर सांगितले, त्यांनी वळले. पहिले दोन घाणे म्हणे फसले. शेक-शेगडी, बाळाची मालिश, सगळं स्क्रीनवरून.

त्याहून वाईट पुढच्या वर्षी घडलं. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, सेलूला आमचे व्याही गेले. पोटचा मुलगा अमेरिकेत. त्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली होती. इथे आला असता तर परत जायला नवा शिक्का लागला असता. ४ मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर बंदी घातली. तिथे जन्मलेल्या मुलांच्या आईवडिलांना तीत सूट होती खरी, पण शिक्का मारून घ्यायला इथली वकिलातीची कामकाजं चालू हवीत ना! म्हणजे आला असता तर तान्ही पोर आणि बायको तिकडे, हा इकडे, किती महिने ते कुणी सांगू शकत नव्हतं. त्याने वडिलांचा शेवटचा प्रवास फोनवर पाहिला. विहीणबाईंनी त्यानंतर मुलाला डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ती बंदी ८ नोव्हेंबरला उठली.

आता दुसरी बाजू. आजार आला तो विमानातूनच. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले, दुबईची सहल करून आलेलं जोडपं. पण आपल्या परभणीत एप्रिलमध्ये पहिला रुग्ण निघाला तो पुण्याहून आलेला. म्हणजे विमानतळावर कितीही चाळण लावली तरी आपल्या उंबऱ्यापर्यंत आजार येतो तो एस.टी.ने, रेल्वेने, मोटरसायकलने. पाणी गाळताना आपण नळाला एकदा फडकं बांधून मोकळ्या होत नाही. हंडा भरताना गाळतो, वेळ गेली की पुन्हा गाळतो. तसंच हे.

मार्च २०२० च्या त्या दिवसांत सरकारने घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारायला सुरुवात केली. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब तेव्हा परदेशातून परतलं होतं. त्यांनी आपणहून जाऊन नाव नोंदवलं, शिक्के मारून घेतले. त्याचं बक्षीस काय मिळालं? दूधवाला त्यांच्या दारापुढून पुढे जायला लागला. कामवाली बाई आली नाही. त्यांच्या घराचा फोटो मोबाइलवर गावभर फिरला. त्यानंतर गल्लीत कोण कुठून आलं हे कुणी कुणाला सांगेनासं झालं. सुना माहेराहून रात्री यायच्या आणि खिडक्या बंद ठेवायच्या.

हेच पुढे देशादेशांत झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉनची खबर जगाला दिली, आणि दोन-तीन दिवसांत जगाने त्यांच्याच विमानांना दारं लावली. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा सांगितलं होतं की सरसकट बंदीने प्रसार थांबणार नाही. आपल्याकडे २६ नोव्हेंबरला जाहीर झालं की १५ डिसेंबरपासून विमानं सुरू, आणि १ डिसेंबरला ते मागे घेतलं. दुसऱ्याच दिवशी कर्नाटकात ओमिक्रॉनचे दोन रुग्ण जाहीर झाले. माझं मत विचाराल तर खबरदारीचा पहिला नियम मास्क नव्हे. जो खरं सांगेल त्याला शिक्षा होऊ नये, हा आहे. ज्याला लपवावं लागतं तो काय खबरदारी घेणार?

लेकीने जानेवारीतही यायचं मनात आणलं होतं. ११ जानेवारीपासून परदेशातून येणाऱ्या सर्वांना सात दिवस घरी विलगीकरण लागू झालं. तिची रजा तीन आठवड्यांची. तिने बेत पुढे ढकलला, मीही आग्रह केला नाही.

इथे आमच्या सासूबाईंचं सांगायला हवं. त्या दर चातुर्मासात देशव्रत घेतात. दिग्व्रत म्हणजे जन्मभरासाठी दहा दिशांची हद्द. देशव्रत म्हणजे तिच्या आतली आणखी लहान हद्द, ठरावीक काळापुरती: घर, मंदिर, फार तर जिंतूरची नेमगिरी. दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचतो, त्यात याचे अतिचार येतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. हद्दीबाहेरून वस्तू मागवणं हे आनयन, माणूस पाठवणं हा प्रेष्यप्रयोग, आवाज देऊन खुणावणं हा शब्दानुपात, स्वतःला दाखवून खुणावणं हा रूपानुपात, आणि खडा टाकून लक्ष वेधणं हा पुद्गलक्षेप. ऑगस्ट २०२० मध्ये पणती झाली तेव्हा चातुर्मास चालू होता. व्हिडिओ कॉल आला की सासूबाई उठून आतल्या खोलीत जायच्या. आवाजही नको आणि रूपही नको. "आजी, हा काही अतिचार नव्हे," म्हणून लेकीने तिकडून किती समजावलं. त्या म्हणाल्या, "माझं व्रत मला कळतं." पणतीचं तोंड त्यांनी दिवाळीनंतर पाहिलं आणि मग अर्धा तास फोन सोडला नाही.

तेव्हा मला हा हट्ट वाटला होता. आता वाटतं, हद्द घालायची तर अशी घालावी. कशासाठी ते माहीत, कधी संपणार ते माहीत, आणि घालणारा स्वतः. सरकारी बंदीला यातलं फार थोडं होतं. महिन्याच्या शेवटी नवं पत्रक निघायचं आणि माणसं तिकिटं रद्द करत बसायची.

मे २०२२ च्या प्रवासासाठी नियम असा होता: निघण्याआधी 'एअर सुविधा'वर माहिती भरायची, ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर किंवा ठरावीक देशांसाठी लसीचं प्रमाणपत्र जोडायचं. विमानतळावर शंभरातल्या दोघांची तपासणी व्हायची. घरी आल्यावर चौदा दिवस स्वतःच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं. पाच वर्षांखालच्या मुलांना तपासणी नव्हती. नियम वाजवी होता, पावणेदोन वर्षांच्या लेकराच्या नाकात काडी कशाला घालायची? पण आमच्या घरापुरतं पाहिलं तर जिची लसही झालेली नाही आणि तपासणीही होणार नाही तीच पणजीच्या मांडीवर चढणार. देशाचा नियम देशाचं बघतो. सासूबाईंचा दमा त्याला कसा दिसावा?

म्हणून आम्ही फोनवर बसून ठरवलं. मुंबईला उतरले की मास्क लावून देवगिरी एक्स्प्रेसने आधी सेलूला. विहीणबाईंचा हक्क आमच्याआधीचा आहे, त्यात चर्चेला जागाच नव्हती. त्यांना बूस्टर, म्हणजे ते प्रिकॉशन डोस, मिळालाय, तब्येत ठणठणीत आहे. तिथे आठवडाभर राहायचं. परभणीला निघायच्या दिवशी मोठ्या दोघांनी घरच्या किटवर तपासणी करायची (पुण्याच्या मायलॅबचं ते तेव्हा अडीचशेला मिळणारं किट). लेकराला सर्दी-ताप असेल तर गाडीत बसायचंच नाही, मग रजा संपली तरी चालेल. सासूबाईंचा तिसरा डोस मार्चमध्ये झाला. जावई म्हणाले, "आई, तुम्ही बोलावताय की थांबवताय तेच कळत नाही." मी म्हटलं, दोन्ही करतेय.

राहिला प्रश्न परभणीतल्या पहिल्या दोन-तीन दिवसांचा. मी म्हणत होते पाहुण्यांना वरची खोली देऊ. वर पत्रे आहेत, आणि मे महिन्यातली आपली परभणी म्हणजे तवा. सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "लेकरू कशाला कोंडता? माझी हद्द मी बांधून घेते. माझी खोली आणि मागचा व्हरांडा, तीन दिवस. बाकी घर तिला मोकळं."

"आणि ती आपणहून तुमच्या पलंगावर येऊन बसली तर?"

"मी बोलावलं तर आनयन," त्या म्हणाल्या. "ती आली तर मी काय करू?"

त्यांच्या खोलीला दाराऐवजी पडदाच आहे. उद्या सुताराला बोलावलंय, खालची अर्धी झडप बसवून घेते. चार किट मागवले आहेत आणि कूलरच्या जाळ्या बदलायला टाकल्या आहेत.