वेग आवरताना: काही टिपणे

१.
एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ‘लिमिट रेट’ला ५०० के दिलं की सेकंदाला ५०० किलोबाइट, दर रिक्वेस्टला. डाउनलोड मॅनेजर लावून एकाच फाइलचे आठ तुकडे एकदम ओढणाऱ्याला आठपट वेग मिळतो. साध्या ब्राउझरवाल्याला एकपटच.

२.
मग आयपी पत्त्यागणिक कनेक्शनं मोजावीत? मोबाइल कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे कित्येक ग्राहक बसवतात. वसतिगृहाचं वायफायही एकाच पत्त्याने बाहेर पडतं. एकाला आवरायला जावं तर अख्खा मजला अडतो.

३.
लाइन १०० मेगाबिटची, म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. कॉन्फिगमधला ‘के’ बिटचा की बाइटचा, हे त्याच ओळीशेजारी लिहून ठेवावं.

४.
जेफ पॉस्कान्झर यांचा टीएचटीटीपीडी हा छोटा सर्व्हर मला अजून आवडतो. थ्रॉटलिंगची फाइल साधी: डावीकडे पाथचा पॅटर्न, उजवीकडे सेकंदाला किती बाइट. मॅन्युअलमधल्या नमुन्यात टी-वन लाइन वाटून दिली आहे. चित्रांना एक तृतीयांश, एमपीजी फिल्मना त्याहून कमी. शेवटची ओळ जेफच्या स्वतःच्या पानांना लगाम घालते, कारण ती फार लोकप्रिय आहेत. मर्यादा त्या क्षणी फाइल घेणाऱ्यांत समान वाटली जाते. दहा जण असले तर दहा वाटे, नऊ निघून गेले की सगळी उरलेल्याची. वेग मर्यादेच्या दुपटीपलीकडे गेला की नव्याने येणाऱ्याला ५०३. मला यात न्याय दिसतो.

५.
टोकन बकेट: ठरलेल्या गतीने टोकन जमतात, बाइट पाठवताना खर्च होतात, बादली भरली की वरचे वाया. खरा निर्णय बादलीच्या खोलीचा. नेहमीचं पान ४० केबीचं असेल तर तेवढी खोली हवीच. वाचायला आलेला माणूस मर्यादेला अडखळता कामा नये.

६.
अपाचेचं मॉड-रेटलिमिट एक तुकडा पाठवतं, २०० मिलिसेकंद झोपतं, पुढचा पाठवतं. प्रीफोर्कमध्ये, म्हणजे दर कनेक्शनला एक प्रोसेस असताना, ही झोप अख्ख्या प्रोसेसची. १०० एमबीची फाइल ५० केबीने सोडली तर प्रोसेस ३४ मिनिटं अडकली. बँडविड्थ वाचली, मेमरी गेली. एनजिनएक्स टायमर लावून दुसऱ्या कनेक्शनकडे वळतो.

७.
‘फार रिक्वेस्ट झाल्या’साठी ४२९ आहे, २०१२ च्या आरएफसी ६५८५ मधला. ‘तुम्हाला मुद्दाम हळू देतोय’साठी कोड नाही. २०० येतो आणि फाइल रांगत राहते. पलीकडचा माणूस फोन बंद करून पुन्हा चालू करतो. डाउनलोडच्या बटणाखाली मर्यादा लिहायला एक ओळ पुरते.

८.
एनजिनएक्सचं ‘लिमिट रेट आफ्टर’: पहिले काही मेगाबाइट मोकळे, लगाम नंतर. व्हिडिओ लगेच सुरू होतो.

९.
चाचणी ऑफिसच्या फायबरवर नको. लिनक्सच्या नेटएमने ३०० मिलिसेकंदांचा विलंब आणि दोन टक्के पॅकेटगळती लावावी, मग आकडा ठरवावा. ज्याची लाइनच मर्यादेहून हळू, त्याला मर्यादा कधी लागतच नाही. प्रीफोर्कमधली प्रोसेस मात्र त्याच्यासाठीही अडून बसते.