फितीवरचं अक्षर

नाना जाऊन दोन महिने झाले. माझे सख्खे धाकटे काका. आंब्याच्या पेटीवरून पार्सलवाल्याशी तासभर हुज्जत घालणारे काका म्हणून इथे पूर्वी एकदा त्यांच्याबद्दल लिहिलं होतं, ते हेच. (घरची मंडळी हे वाचतात, म्हणून आधीच सांगतो : बंड्याला विचारून लिहितोय. तो "लिही, पण मला फार वाईट दाखवू नकोस" म्हणाला.)

तर परवा रविवारी बंड्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे नानांची हिरवी ट्रंक उघडी. नानांची मेडलं मखमलीवर बसवून फ्रेम करायची, पुढच्या खोलीत लावायची, असा त्याचा बेत. मेडलं एकूण पाच. तो एकेक कॅमेऱ्यासमोर धरत होता आणि मी इकडे बसून ओळखत होतो. पासष्टचं रक्षा मेडल. एकाहत्तरचं संग्राम मेडल. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं एक. नऊ वर्षांच्या नोकरीचं एक. आणि सैन्य सेवा मेडल, त्याच्या फितीवर जम्मू-काश्मीरची आडवी धातूची पट्टी, जिला फौजेत क्लॅस्प म्हणतात. ही पट्टी लढल्याबद्दलची नव्हे. अवघड मुलखात राहून नोकरी केल्याची ती खूण. नाना तिथे बर्फात गोदाम सांभाळत होते आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यात मोठा शत्रू उंदीर होता.

"दादा, एक अडचण आहे," बंड्या म्हणाला. कॅम्पातल्या फ्रेमवाल्याकडे तो फोटो घेऊन गेला होता. फ्रेमवाला म्हणाला, "एकाहत्तरचा माणूस आणि स्टार नाही? हरवला असणार. माझ्याकडे तयार मिळेल. पूर्वी लावू का पश्चिमी?" (कांदाभजी देऊ का बटाटाभजी, अशा चालीवर.)

बंड्याला वाटलं, खरंच हरवला असेल. हरवला नव्हता. मिळालाच नव्हता.

ज्यांना या भानगडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. एकाहत्तरच्या युद्धाच्या वेळी जो वर्दीत होता, मग तो कुठेही असो, त्याला संग्राम मेडल. जो प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात होता त्याला शिवाय स्टार : पूर्वेला पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार. कारगिलनंतरही तसंच झालं, ऑपरेशन विजय स्टार वेगळा आणि ऑपरेशन विजय मेडल वेगळं. म्हणजे छातीकडे बघून जाणकार माणूस दोन सेकंदांत सांगू शकतो, हा तिथे होता की नव्हता. त्यातही युद्धवृत्तात ज्याचं नाव आलं, त्याच्या फितीवर कमळाचं एक छोटं पान असतं. ते पान लांबून दिसतसुद्धा नाही. पण ज्यांना बघायचं असतं ते बरोबर बघतात.

हे लांबून न दिसणारं प्रकरण मला पहिल्यांदा कळलं ते नॉरफोकला. तिथे मी तीन वर्षं कामाला होतो आणि शेजारी अमेरिकन नौदलातून निवृत्त झालेले एक आजोबा राहायचे. अमेरिकेत रचना थोडी निराळी. एकच पदक ऑफिसात उत्तम काम केलेल्यालाही मिळू शकतं आणि गोळीबारात काम केलेल्यालाही. फरक कळतो तो फितीवर टाचलेल्या व्ही या पितळी दिसणाऱ्या अक्षरावरून. उंची पाव इंच. आर्मीत हा व्ही शौर्याचा. नौदलात बरीच वर्षं त्याला कॉम्बॅट व्ही म्हणायचे आणि प्रत्यक्ष लढाईत भाग घेतल्याबद्दलही तो मिळायचा. तो आपल्या मनाने लावायचा नसतो, लावायला मंजुरी लागते.

एका संध्याकाळी आजोबांनी मला ॲडमिरल जेरेमी बूर्डा यांची गोष्ट सांगितली. शाळा सोडून, वय खोटं सांगून १९५६ साली साधा खलाशी म्हणून भरती झालेला हा माणूस. १९९४ साली अमेरिकन नौदलाचा प्रमुख झाला. खलाशापासून सुरुवात करून त्या पदावर पोचलेला पहिलाच. त्यांच्या व्हिएतनामच्या वेळच्या दोन फितींवर व्ही होते. कागदपत्रांत त्यांची मंजुरी नव्हती. शंका निघाल्यावर त्यांनी ते काढूनही टाकले होते. पण १६ मे १९९६ ला दुपारी पत्रकार याच विषयावर प्रश्न विचारायला येणार होते, आणि ते यायच्या आत बूर्डांनी घरी जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय ५६.

पुढे १९९८ साली माजी नौदलप्रमुख झुमवाल्ट यांचं पत्र त्यांच्या फायलीत लावलं गेलं, की व्हिएतनामच्या काळातल्या रिवाजाप्रमाणे बूर्डांनी ते व्ही लावणं योग्यच होतं. वाद त्यानेही पुरता मिटला नाही. आजोबांचं स्वतःचं मत विचारलं तर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, बूर्डा व्हिएतनामच्या समुद्रात जहाजावर होते एवढं मला पुरे आहे. आणि थोड्या वेळाने, "पण मी असतो तर लावला नसता."

मला तेव्हा हे सगळं अति वाटलं होतं. पाव इंचाच्या अक्षरापायी जीव? आता तितकं सोपं वाटत नाही. कोण बरोबर हे अजून सांगता येत नाही, पण त्या अक्षराचं वजन कळतं.

(जाता जाता : आता लढाई खुर्चीत बसूनही होते. नेवाडात बसून हजारो मैलांवर ड्रोन चालवणाऱ्यांसाठी अमेरिकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये नवीन पदक जाहीर केलं. रणांगणात जखमी झालेल्यांच्या पदकापेक्षाही त्याचा मान वरचा ठेवला, त्यावर माजी सैनिक असे भडकले की एप्रिलमध्ये ते रद्द. शेवटी २०१६ साली तोडगा निघाला : व्ही फक्त शौर्याला, लढाईच्या परिस्थितीत केलेल्या कामगिरीला सी, आणि लांबून परिणाम घडवणाऱ्याला आर. नानांना आर चालला असता असं मला उगाच वाटतं.)

कारण नाना एकाहत्तरमध्ये जबलपूरला होते. दारूगोळ्याच्या पेट्या वॅगनमध्ये चढवायचं काम.

आता जरा नको असलेली आठवण. १९८४ ची सव्वीस जानेवारी. मी पाचवीत. आमच्या गुरुजींनी झेंडावंदनाला नानांना बोलावलं होतं, कारण मी वर्गात सांगून ठेवलं होतं की माझ्या काकांनी पाकिस्तानचा रणगाडा फोडला. एक नव्हे, दोन. गुरुजींनी माझ्यावर विश्वास ठेवून तसंच भाषण ठोकलं. नाना इस्त्रीच्या पँटशर्टात, छातीवर मेडलं लावून उठले आणि म्हणाले, "गुरुजींचा काहीतरी गैरसमज झालाय. मी रणगाडा जवळून पाहिला तो लढाई संपल्यावर. आम्ही डेपोत होतो. तेरा-चौदा दिवस धड झोप नव्हती, हात सोलवटून निघाले, पण गोळी आमच्याकडून जात होती, आमच्याकडे येत नव्हती. जे तिथे होते त्यांना स्टार मिळालाय. माझ्याकडे नाही, हे बघा." आणि खरोखर छातीवर बोट ठेवून दाखवलं.

पोरं हसली. मला पुढे वर्षभर "रणगाडा" म्हणत होती. मी नानांशी चार दिवस बोललो नाही. कुणी विचारलं होतं का त्यांना? नुसते गप्प उभे राहिले असते तर काय बिघडलं असतं? नानांनी मला ना रागावलं ना समजावलं. पाचव्या दिवशी सायकलवर पुढे बसवून भजी खायला नेलं, बस्स. या विषयावर आम्ही पुढे कधीच बोललो नाही. बोलायला हवं होतं. मी माफी मागायची राहिली, ती आता राहिलीच.

तर मी बंड्याला सांगितलं, स्टार लावायचा नाही.

बंड्या चिडला. म्हणाला, "कोणाला कळणारे? घरातली फ्रेम आहे. बाबांनी काय कमी कष्ट काढले? ते बोळे कानात घालून झोपायचे दादा, वॅगनचे दरवाजे आपटल्याचा आवाज ऐकू येतो म्हणायचे, रिटायर झाल्यावरसुद्धा." हे मला माहीत नव्हतं. मी काहीतरी बोलायला गेलो तर तो म्हणाला, "आणि तू कुठला सांगतोस? रणगाडा कोणी फोडला होता?"

यावर काय बोलणार. फोन ठेवला.

आठवडाभर काही नाही. काल फोटो आला. फ्रेम छान झालीये. पाच मेडलं, क्लॅस्प चकचकीत घासलेला. उजवीकडे एकाची जागा मोकळी राहिल्यासारखी दिसते, फ्रेमवाल्याने मखमल सहाच्या हिशेबाने कापली होती म्हणे. खाली पितळी पाटीवर काय लिहायचं ते बंड्याने विचारलंय. मी पाठवलं : नाव, हवालदार, दारूगोळा डेपो, जबलपूर, डिसेंबर १९७१.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "आई म्हणतेय, रात्रपाळी पण लिही."