खाऊ संपल्यावर

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. मागास भागात कारखाना काढणाऱ्यांना सरकार ज्या सवलती देते, त्यांचा खरा उपयोग किती? "बाई, हा तुमचा प्रांत नव्हे," असे कुणी म्हणेलही. पण चौतीस वर्षे पेपर तपासले आहेत. उत्तराला गुण देण्याआधी प्रश्न नीट वाचावा लागतो, एवढे नक्की कळते. या विषयात नेमका प्रश्नच नीट वाचला जात नाही, असे मला वाटते.

आधी थोडा इतिहास. सगळे उद्योग मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातच दाटू नयेत म्हणून राज्य सरकारने १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. तिच्या सुधारित आवृत्त्या पुढे येत राहिल्या, अगदी २०१३ आणि २०१९ पर्यंत. तालुक्यांचे गट पडले : ए, बी, सी, डी आणि डी प्लस. पुढारलेला तो ए, सगळ्यात मागे राहिलेला तो डी प्लस. आमच्या शाळेतल्या तुकड्यांसारखेच! फक्त इथे मागच्या तुकडीला खाऊ जास्त. विक्रीकरात सूट, वीज शुल्क माफ, मुद्रांक शुल्क माफ वगैरे.

आमचे ठाणे अर्थातच ए गटात. त्याच जिल्ह्यातला वाडा तालुका (आता पालघर जिल्ह्यात) मात्र डी प्लस झाला आणि नव्वदच्या दशकात तिथे भराभर कारखाने उभे राहिले.

माझा भाचेजावई वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात फिटर होता. मालकाने ठाण्याची जागा विकली आणि यंत्रे कुडूसच्या बाजूला नेली. हा रोज पहाटे घोडबंदर रोडवरच्या घरातून निघे. कापूरबावडी, बाळकुम, कशेळी, भिवंडी, अंबाडी... जाऊन-येऊन पाच तास. काही वर्षांनी सवलतीची मुदत संपली आणि यंत्रे पुन्हा ट्रकवर चढली, या वेळी थेट राज्याबाहेर. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी जावई घरी बसला. भाचीने पोळी-भाजीचे डबे सुरू केले आणि त्यावर मुलाचे इंजिनिअरिंग पुरे झाले. त्याच्याबरोबर कामाला लागलेल्या तिथल्या काही मुलांच्या घरच्या जमिनी तर आधीच विकून झाल्या होत्या. त्यांनी कुठे जायचे?

आता हिशेब पाहा. वाड्यात तो 'नवा उद्योग' म्हणून मोजला गेला असणार. दुसऱ्या राज्यात पुन्हा 'नवा उद्योग'. ठाण्याची आणि वाड्याची वजाबाकी कोणत्या वहीत झाली?

एकदा आमच्या शाळेत हजेरी वाढावी म्हणून शनिवारी खाऊ वाटायची टूम निघाली. हजेरी वाढली, सगळे खूश. पण आमच्या मुख्याध्यापकबाई वस्ताद! त्यांनी दोनच प्रश्न विचारले. यातली किती मुले खाऊशिवायही आली असती? आणि खाऊ बंद झाल्यावर किती येत राहतील?

कारखान्यांनाही हेच दोन प्रश्न लावावेत. घोडबंदर रोडवर आणि आसपास जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर बरेच कारखाने कधी ना कधी जाणारच होते. आज तिथे टॉवर उभे आहेत. म्हणजे मालक ठाण्यातून निघाला त्याला सवलत एकटी कारण नव्हती. सवलतीने फार तर 'कुठे जायचे' ते ठरवले. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी २०१८ साली अशा अनेक अभ्यासांची छाननी केली. त्यांचा अंदाज असा, की सवलत घेणाऱ्या शंभर कंपन्यांपैकी दोन ते पंचवीस कंपन्यांचाच निर्णय सवलतीमुळे बदलतो. बाकीच्या तशाही आल्याच असत्या.

आपल्याकडे २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्रांचा, म्हणजे सेझचा, कायदा आला. महालेखापरीक्षकांनी २०१४ च्या अहवालात ११७ क्षेत्रे तपासली. सांगितलेले रोजगार सुमारे ३९ लाख, प्रत्यक्षात २ लाख ८५ हजारांच्या आसपास. शंभरातले सात गुण! आमच्याकडे असा पेपर पालकांना बोलावून दाखवत असू.

म्हणून सवलती नकोतच, असे मी म्हणत नाही. वाड्यात काही घरांत पहिला पगार त्याच कारखान्यांतून आला, हेही खरेच. पण कर माफ करून आणलेला कारखाना कर माफ असेतोच थांबतो. चांगला रस्ता, अखंड वीज, एखादी चांगली आयटीआय यांवर तेच पैसे घातले, तर कारखाना गेला तरी ते गावातच राहतात.

तेव्हा घरातल्या तरुण मंडळींनो, 'इतके हजार कोटी, इतके लाख रोजगार' अशी बातमी वाचाल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण दहा वर्षांनी तिथे किती जण कामाला आहेत, हेही कुणाला तरी विचारा. त्या उत्तरावर गुण द्या.